दुपारचं शून्य

३ एप्रिल

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे ओळखूनच तुम्ही हे उघडलं असणार. म्हणजे निदान माझ्यावर तरी राग नाही, असं धरून चालते. फोन तुम्ही उचलत नाही. बंदराच्या कचेरीतल्या बाईंनी पत्ता दिला. म्हणाल्या, "क्रेनचे वजनकाटे दुरुस्त करतात तेच ना? ते कुणाशी फारसे बोलत नाहीत." मी म्हटलं, आमच्याकडे असताना त्यांना गप्प करायला लागायचं. बाईंना काही ते पटलं नाही.

मी लिहितेय हे तुमच्या दादांना माहीत नाही.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण डोंगरउताराखालचं घर सोडून आमच्याकडे राहायला यायचं नाव काढत नाही. मावशीची खाट अजून तिथेच आहे. आई तिच्यावरची चादर नेमाने बदलते. मी एकदा म्हटलं, "आई, कुणी झोपत नाही तर चादर कशाला बदलायची?" म्हणाली, "धूळ बसते."

आता जे टाळून पुढे जाता येणार नाही ते लिहून टाकते. मावशीला पोचवून आल्यावर दारात, सगळ्या शेजाऱ्यांसमोर, दादा तुम्हाला म्हणाले, "तुझ्या बोर्डाने मारलं तिला." तुम्ही चपलाही नीट न घालता निघालात. डोंगर खचतोय म्हणून तिसऱ्यांदा भोंगा खोटा वाजला होता, मावशीला खुर्चीवर बसवून शाळेच्या हॉलमध्ये न्यावं लागलं होतं, त्या थंड फरशीवर तिची छाती भरली ती भरलीच. हे सगळं खरं आहे. पण डोंगराची भेग मोजणारा बोर्ड तुम्ही बनवलात तसा त्याचा डबा डोंगरावर ह्यांनीच बसवला, भोंगा नगर कार्यालयाने लावला, आणि खुर्चीचा एक पाय मी धरला होता. कुणी कुणाला मारलं याचा हिशेब मला लागत नाही. तुमच्या दादांनाही लागत नाही, म्हणून ते रोज डोंगरावर जातात.

डब्याचा दुपारचा आजार गेलेला नाही. भेगेच्या दोन्ही काठांवरच्या खुंट्या घट्ट आहेत, मधली तार ढिली नाही. तरी ऊन डब्यावर आलं की तो म्हणतो भेग रुंदावली, आणि संध्याकाळी म्हणतो मिटली. तुमचे दादा त्याला ऑफसेट म्हणतात. मी आपलं दुपारचं शून्य म्हणते. मोजायला काही नसतानाही काहीतरी आकडा दाखवतो, आणि तो आकडा उन्हासोबत वर चढतो.

आमच्या औषधांच्या दुकानात पावडर तोलताना आधी रिकामा कागद काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणतात. तसं शून्य तुमच्या बोर्डाने कधी घेतलं होतं? ह्यांचं म्हणणं, आत कुठेतरी एक ठरलेला आकडा आहे आणि प्रत्येक मोजणीतून तो वजा होतो. तो तुम्ही वर्कशॉपच्या गारव्यात बसून घेतलात की डोंगरावर? एवढंच कळवलंत तरी पुष्कळ आहे. दोन शब्द लिहा, खाली सही नको असेल तर नको.

तब्येतीला जपा.

वहिनी


२६ एप्रिल

भाऊजी,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी लिहीत राहते, टपालवाल्याचे पाय मोकळे होतात.

माझ्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली आहे. तारेच्या जागी ह्यांनी बोर्डाला एक साधा, कधी न बदलणारा विजेचा रोध जोडला आणि बोर्ड फ्रिजमध्ये ठेवला, दुधाच्या पातेल्याशेजारी. मग काढून ओव्हनमध्ये, अगदी मंद आचेवर. मी म्हटलं, "वरून थोडं मीठ भुरभुरू का?" हसले नाहीत. आकड्याकडे बघत होते. मोजायची वस्तू तीच, तसूभर हललेली नाही, आणि आकडा मात्र पारा चढावा तसा चढत गेला.

"म्हणजे डोंगराचा काही संबंध नाही," मी म्हटलं.

"या चढण्याशी नाही," ते म्हणाले. "पण डोंगर खरंच हलत असला तर ते याच्याखाली दडून जाईल. बाजारात कुणी कानात कुजबुजावं तसं."

माझ्या दुकानातलं स्पिरिट आणून त्यांनी बोर्डाची मागची बाजू दातांच्या ब्रशने घासली. सोल्डरचे डाग देताना सांडलेला तो पिवळा चिकट थर सगळा निघाला. त्यावर ओल धरून वीज इकडची तिकडे झिरपत होती म्हणे. आजार निम्म्यावर आला, पण निम्मा राहिला. डब्यावर पत्र्याची सावलीही केली. सावलीतही हवा तापतेच.

काल माझ्या टेबलावर, डाळीच्या डब्याखाली, त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी सापडली. तिच्यावर बोर्डाबद्दलचे प्रश्न ओळीने लिहिलेले, आणि कुणाला विचारायचे ते लिहिलेलं नाही. म्हणजे मी कुणाला लिहिते हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना ठाऊक आहे हे मला कळलं पाहिजे अशी व्यवस्था केली आहे. दोघे भाऊ एका साच्यातले. चिठ्ठी सोबत जोडली आहे.

नगर कार्यालयातल्या अभियंत्यांनी भोंग्याची मर्यादा दुप्पट करून टाकली. आता पूर्वीच्या दुप्पट आकडा आला तरच वाजेल. हे भांडायला गेले, मीही सोबत होते. साहेब वाईट माणूस नाही. आमच्यासाठी स्वतः उठून खुर्च्या ओढल्या. म्हणाले, "तीनदा मी लोकांना घराबाहेर काढलं. एका बाईंचा जीव गेला, तुमच्याच घरातल्या. चौथ्यांदा खोटा वाजला तर पाचव्या वेळी कोण उठेल?"

हे म्हणाले, "मर्यादा वाढवून खोटं कमी होत नाही. फक्त ऐकू येईनासं होतं."

"मला सध्या तेवढंच जमतंय," साहेब म्हणाले.

आम्ही खुर्च्या परत जागेवर ठेवल्या आणि निघालो.

आईने तुमच्याबद्दल विचारलं नाही. पण काल मी निघताना म्हणाली, "समुद्राच्या हवेने लोखंड लवकर गंजतं का गं?" मी म्हटलं, गंजतं. "मग तिकडे त्याला काम भरपूर असेल," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

वहिनी


२१ मे

भाऊजी,

तुमचं पाकीट आलं. आत दोन कागद, दोन्हींवर नुसत्या आकृत्या. "वहिनी" असंही कुठे लिहिलेलं नाही. पाकिटावर माझं नाव होतं म्हणून माझं समजायचं. मी कागद उलटेसुलटे करून पाहिले, कोपऱ्यात एखादा शब्द सापडेल म्हणून. मग टेबलावर ठेवले आणि भाजी आणायला बाहेर पडले.

परत आले तेव्हा दादा उभ्याउभ्याच ते वाचत होते. खुर्ची शेजारी होती. पहिल्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "गाढव आहे मी." मग मला समजावून सांगितलं, आणि माझ्या डोक्यात शिरलं याचा मला अभिमान वाटतो, म्हणून चूक असेल तर कळवा.

दर मोजणीच्या आधी बोर्डाने आतल्या आत दोन्ही टोकं एकमेकांना जोडायची. मोजायला काहीच उरत नाही. तेव्हा जो आकडा येईल तो त्या घटकेचा खोटा आकडा. तो लक्षात ठेवायचा, टोकं सोडायची, तार मोजायची, आणि वजा करायचं. ऊन असो, गारठा असो, शून्य त्या क्षणाचं. एकदा कधीतरी वर्कशॉपमध्ये घेतलेलं नाही. म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्यात आलं: जुनं शून्य वर्कशॉपमधलंच होतं.

दुसऱ्या कागदावर, तारेला वीज एकदा सुलट द्यायची आणि एकदा उलट. खरा ताण विजेबरोबर बाजू बदलतो. वेगवेगळ्या धातूंच्या जोडांत उन्हामुळे उगवणारी फुकटची वीज बाजू बदलत नाही. दोन्ही मोजण्यांची वजाबाकी करून निम्मं केलं की फुकटचं गळून पडतं. बरोबर ना?

दादांनी त्यात आपली एक भर घातली. डोंगरावर खऱ्या तारेशेजारी त्यांनी एक खोटी जोडणी बसवली, त्या न बदलणाऱ्या रोधाची. तिला भेगेशी घेणंदेणं नाही. ती उन्हात, वाऱ्यात, त्याच डब्यात, त्याच बोर्डावर. तिचा आकडा हलला तर यंत्र खोटं. त्यांनी तिचं नाव "गप्प" ठेवलं आहे. मी विचारलं, कुणावरून? म्हणाले, "आहे एक बंदरावर."

गेला आठवडाभर गप्पची रेघ सरळ आहे. भर दुपारीसुद्धा, कागदावर पट्टी ठेवून ओढावी अशी. ह्यांनी तो कागद मला दाखवायला थेट दुकानात आणला. तुम्ही इथे असतात तर बरं झालं असतं, एवढं मी लिहिणार, मग तुम्हाला राग येवो.

कागद घेऊन ते आईकडे गेले. मी होते. आईने चष्मा लावून रेघ नीट पाहिली.

"म्हणजे आता हे खोटं बोलणार नाही?"

"नाही," हे म्हणाले. "धाकट्याने युक्ती पाठवली. त्यानेच केलं म्हण."

"ताई जायच्या आधी का नाही सुचली?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ह्यांनी कागदाची घडी घातली. आईने चहा टाकला. तिघांनी प्यायला.

दुसऱ्या रेघेबद्दल, म्हणजे खऱ्या तारेच्या, मी एवढ्यात काही लिहू नये असं ह्यांचं म्हणणं आहे. आधी खात्री करू द्या, म्हणतात.

वहिनी


१७ जून

भाऊजी,

खात्री झाली.

गप्प सरळ आहे आणि तिच्या शेजारची खरी रेघ चढते आहे. दुपारी नाही, सकाळी नाही, सतत. एका दिवसात केसाच्या जाडीएवढं. पूर्वी दुपारच्या चढ-उतारात हे हरवून जात होतं, कुणाला दिसलंच नसतं. तुम्ही दोघांनी मिळून खोटं काढून टाकलं आणि खाली खरं निघालं. ह्यांनी तारा बदलून पाहिल्या, बोर्ड बदलून पाहिला, वीज बदलून पाहिली. गप्प गप्पच, आणि भेग उघडतेच आहे. खाली जुन्या खाणीने डोंगराचा पायथा कापून नेला त्याला कित्येक वर्षं झाली. आता वरचा भाग हळूहळू खाली बसतोय, असं ते म्हणतात.

साहेबांकडे गेलो. त्यांनी दोन्ही रेघा बारकाईने पाहिल्या. समजून घेतल्या, हे महत्त्वाचं. प्रश्नही योग्य विचारले. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मागच्या वर्षी तुम्हीच मला सांगितलंत, डोंगर हलतोय. मग सांगितलंत, नाही, यंत्र चुकलं. आता म्हणता यंत्र सुधारलं आणि डोंगर हलतोय. मी वरती काय लिहून पाठवू?"

"हेच लिहा," दादा म्हणाले.

"लिहितो. वरून भूगर्भवाले येतील तेव्हा येतील. मर्यादा मात्र ते सांगेपर्यंत मी खाली आणू शकत नाही. माझ्या हातात ते राहिलेलं नाही आता."

त्यांनी खरंच लिहून पाठवलं, आमच्यासमोर. अजून कुणी आलेलं नाही.

मग हे दारोदार फिरले. मीही काही घरं घेतली. शिंपीणबाई लेकीकडे गेली, तिला तसंही जायचं होतं. बेकरीवाल्याने ऐकून घेतलं, पाव बांधून दिला, आणि म्हणाला, "ताई, भट्टी पाठीवर घेऊन कुठे जाऊ?" एका घरात तर आम्हाला बघून हसायलाच लागले. वाईट हसणं नव्हतं. पुन्हा आले, असं.

पलीकडच्या म्हाताऱ्या सुताराने दादांना विचारलं, "भोंगा वाजेल ना?" हे म्हणाले, "वाजेलच असं सांगता येत नाही." सुतार म्हणाला, "मग वाजला की बघू."

आणि आई. आईपुढे हे तासभर बसले. रागावले, समजावलं, शेवटी पायाशी बसले. ती म्हणाली, "एकदा ऐकलं होतं तुझं. ताईला उचलून नेलं. ती म्हणत होती, मला इथेच राहू दे, हाडं दुखतात. मी म्हटलं, नाही, माझ्या मुलांचं यंत्र आहे, ते उगाच नाही वाजत. मी तिला समजावलं, तू नाही." मग म्हणाली, "आता मला कुणी समजावू नका."

दादा बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी आत थांबले. माझ्याकडे न बघता आई म्हणाली, "धाकट्याने का नाही सांगितलं मला हे? पत्र तुला पाठवतो. मी काय मेलेय?"

भाऊजी, तिला फोन करा. तिचा नंबर तोच आहे. तुम्ही बोललात तर ती ऐकेल. दादांशी नका बोलू, मी तुम्हाला भरीस घालत नाही. फक्त आईशी बोला.

वहिनी


९ जुलै

भाऊजी,

फोन केलात, फार चांगलं केलंत.

आई दोन दिवस नुसती तुमच्या गोष्टी सांगते आहे. तुमच्या खोलीला दक्षिणेची खिडकी आहे, तुम्ही स्वतः भात लावता आणि तो खाली लागतो, मुकादम घोरतो. मला वाटलं होतं की तुम्ही डोंगराचं बोलाल आणि ती फोन ठेवून देईल. तिने तसं केलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

तिने मला असं सांगितलं: "धाकटा म्हणाला निघ. मी म्हटलं, तू ये, मग जाऊ. तो म्हणाला, महिनाअखेरीला सुट्टी आहे, येतो." तिने खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली आहे. भांडी कुणाला द्यायची ते ठरवते आहे. ती निघणार आहे, भाऊजी. महिनाभर डोकं फोडून ह्यांना जमलं नाही ते तुम्ही एका फोनवर केलंत. ह्यांना मी एवढंच सांगितलं की आई महिनाअखेरीला यायला तयार झाली आहे. कशामुळे ते नाही सांगितलं. ते खूश झाले, मागची खोली आवरायला घेतली, तिथला सगळा वायरींचा पसारा माझ्या शिवणयंत्रावर आणून टाकला.

रेघ आता पूर्वीपेक्षा थोडी उभी झाली आहे. थोडीच. मर्यादेपासून अजून लांब आहे.

मी आईला म्हणून पाहिलं, "धाकटे येतील तेव्हा येतील, तोवर चार दिवस आमच्याकडे चला." म्हणाली, "त्याने दार बंद बघितलं तर?" मी म्हटलं, ते आमच्या घरी येतील. "तो तुमच्या घरी येणार नाही," ती म्हणाली. यावर मी काय बोलणार होते? ती तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा जास्त ओळखते.

तुमच्या सुट्टीचं मुकादमाच्या हातात असतं हे मला माहीत आहे. आठवडाभर आधी मिळते का, एकदा विचारून बघा. नाही मिळाली तरी काही बिघडत नाही. घाई करा असं मी म्हणत नाही.

म्हणजे, जमलं तर बघा.

वहिनी


११ सप्टेंबर

भाऊजी,

तुम्ही आला होतात. ढिगाऱ्यावर माणसं काम करत होती तेव्हा दोरीच्या पलीकडे, रस्त्याच्या वळणावर तुम्ही उभे होतात, हातात ती निळी बॅग. मी हात वर केला. मग मला कुणीतरी बोलावलं, आणि मी वळून पाहिलं तेव्हा तुम्ही तिथे नव्हतात. दादांनी तुम्हाला पाहिलं नाही. ते खाली बघत होते.

एवढ्या आठवड्यांनी तुमचं कार्ड आलं, एका ओळीचं. "भोंगा वाजला का?"

नाही वाजला.

जे झालं ते सांगते. तुमचा तो हक्क आहे. तुमच्या सुट्टीला चार दिवस उरले होते. त्या दिवशी पाऊस नव्हता, वारा नव्हता, छान ऊन पडलं होतं. सकाळपासून रेघ उभी चढत होती. गप्प जागची हलली नव्हती. दादांनी साहेबांना फोन केला आणि नुसते आकडे सांगितले. साहेब म्हणाले, "मर्यादा राहू द्या बाजूला, मी निघतो, हाताने वाजवतो." मला हे तुम्हाला सांगायचंच होतं. त्यांनी ऐकलं. त्या वेळी त्यांनी वरच्या कुणाला विचारलं नाही. गाडी घेऊन ते निघाले, दादा पायी धावत निघाले. भोंग्याची पेटी उताराच्या पायथ्याशी आहे. साहेबांची गाडी शाळेच्या वळणावर होती तेव्हा डोंगर खाली आला. साहेब म्हणाले, आवाज आधी आला नाही, आधी झाडं चालायला लागली.

बेकरीवाला आणि त्याची बायको पाव द्यायला गावात गेली होती म्हणून वाचली. सुतार गेला. आई गेली. ती घरातच होती, पुढच्या खोलीत. तिला फार त्रास झाला नसावा असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात हे मला दुकानात काम करून माहीत आहे, पण मी ते ऐकून घेतलं, तुम्हीही घ्या.

चौकशीला समिती आली. त्यांनी ह्यांना विचारलं, यंत्र आधीपासून सदोष होतं, हे खरं का? हे म्हणाले, "होतं. माझ्या भावाने दुरुस्त केलं. तार तुटेपर्यंत प्रत्येक आकडा बरोबर होता." समितीतल्या एकाने ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. दादांनी बाहेर येऊन मला विचारलं, "हे त्याला कळवशील?" म्हणून कळवते. याने तुम्हाला बरं वाटेल असं त्यांना वाटतं का, ते मी विचारलं नाही.

आणखी एक. आई तुमच्यासाठी थांबली होती हे ह्यांना मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्हीही दादांशी कधी बोललात, तर सांगू नका. तुमच्या मुकादमाने सुट्टी आधी दिली नाही हे मला माहीत आहे. तुम्ही मागितली होती हेही माहीत आहे, कचेरीतल्या बाईंनी फोनवर सांगितलं. ते मनाला लावून घेऊ नका, असं लिहिते. पण तुमच्या जागी मी असते तर मला ते जमलं नसतं.

गेल्या आठवड्यात साहेबांनी ह्यांना पूर्वेकडच्या उतारावर नेलं. तोही त्याच जुन्या खाणीच्या वर आहे. तिथे डबा बसवायचा, मर्यादा दादा ठरवतील ती, भोंग्याची किल्ली दादांकडे. साहेबांनी कबूल केलं. लोकांना अंगणात जमवलं. मीही गेले होते, बायकांशी बोलायला कुणी असावं म्हणून.

ह्यांनी सगळं सांगितलं, गप्पचंही. लोकांनी नीट ऐकलं. मग कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने विचारलं, "हे कधी चुकलं होतं?"

"हो. तीनदा."

"तेव्हा काय झालं?"

"माझी मावशी गेली."

"आणि बरोबर होतं तेव्हा?"

सगळ्यांना माहीतच होतं.

"मग भाऊ, आम्ही याचं काय करायचं?" ती बाई म्हणाली. टोचून नाही म्हणाली. खरंच विचारत होती. मूल बदलून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि उत्तराची वाट बघत थांबली. थोड्या वेळाने एकेक जण घरात गेला. साहेबांनी दोघातिघांना परत बोलावलं, पण ते म्हणाले, डोक्यावर हे वाजत राहण्यापेक्षा नकोच.

घरी आल्यावर हात धुता धुता हे म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." तेव्हापासून त्यांनी वर्कशॉप उघडलेलं नाही. सकाळी उठतात, आंघोळ करतात, कपडे घालून खुर्चीत बसतात. मी दुकानातून येते तेव्हा तिथेच असतात. कुठे जायचं होतं का, असं मी विचारत नाही.

तुम्ही या, असं मी पूर्वी प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायचं ठरवायची आणि लिहायची नाही. आताही लिहीत नाही. कशासाठी या, हे मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी बायकांशी बोलून झाल्यावर मी एकटीच पूर्वेच्या उतारावर थोडी वर चढून गेले. तिथेही भेग आहे. गवताने झाकलेली, पाऊल आत जाईल एवढी. मी तिच्या काठावर उभी राहिले. खाली घरं दिसत होती. ती मघाची बाई अंगणात कपडे वाळत घालत होती, आणि तिचं मूल ओल्या चादरीखालून इकडून तिकडे पळत होतं.

वहिनी